खाऱ्या पेटीची राखण

रंजू, आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे तुला मध्ये बोलायला जागा राहणार नाही. तुझे अकरा मासे मी मारले. नणंद-भावजयीच्या रागातून नव्हे. चांगुलपणा करताना मारले, आणि तो चांगुलपणा इतका मन लावून केला की अकरातला एकही वाचला नाही.

मिलिंदच्या साखरपुड्याला आठ दिवस होते आणि घरात ढेकूण झाले होते. होणाऱ्या व्याह्यांना आपल्या घरी ढेकूण चावला तर काय घ्या, म्हणून मी औषधाचा धूर मारणाऱ्याला बोलावलं. तू कल्याणला, कॉलेजातल्या नोकरीवर निघालीस आणि उंबऱ्यातूनच बजावलंस, "वैनी, पेटी झाक. फट ठेवू नको." तुझ्या माशांच्या काचेच्या टाकीला घरात सगळे पेटीच म्हणायचे. ॲक्वेरियम म्हणणारी तू एकटी.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. अंगणवाडी चालवणारी, आटगावपासून किन्हवलीपर्यंत आपल्याइतकी हुशार बाई नाही अशी पक्की समजूत असलेली. आज ती बाई समोर आली तर तिच्या हातातल्या घराच्या किल्ल्या आधी काढून घेईन. तिनं काय केलं? खळ्यावर भात झाकायची ताडपत्री आणली. पेटीला दोन पदर गुंडाळले, सुतळीनं आवळले, वरून चादर टाकली. भाताची इतकी काळजी कधी घेतली नव्हती. आणि मग त्या हुशार बाईला दया आली. हवा नाही मिळाली तर बिचारे गुदमरतील! म्हणून बाजूच्या फळीवरचा हवेचा छोटा पंप तिनं चालूच ठेवला, आणि त्याची नळी ताडपत्रीखाली नीट खोचली.

चार तास तो पंप खोलीतला विषारी धूर ओढून तुझ्या माशांच्या पाण्यात सोडत होता. आणि मी बाहेर आंब्याखाली बसून शेजारणीला सांगत होते, "जीव जपायला अक्कल लागते गो."

संध्याकाळी तू आलीस, ताडपत्री काढलीस आणि उभी राहिलीस. मी तुझ्या खांद्यावरून डोकावले. सगळे आडवे होऊन वर तरंगत होते. आणि मी काय म्हणाले?

"रंजू, झोपलेत वाटतं."

तू वळलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू शाळामास्तरासारखं विचारलंस, "वैनी, पंप हवा कुठून घेतो?"

"पंपातून," मी म्हटलं.

हसू नकोस. मला खरंच तसं वाटत होतं. रोज सकाळी वंदनेला बसून जीव न घेण्याचं पहिलं शील घेणारी मी, एका दुपारी अकरा जीव घेऊन मोकळी झाले होते, आणि वर त्यांना झोपवत होते. तू अकरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. माशामागे एक दिवस, अगदी हिशेबानं. बाराव्या दिवशी म्हणालीस, "चहात साखर कमी हाय." मला इतका आनंद झाला की मी तीन चमचे टाकली.

त्यानंतर वीस वर्षं तू मला पेटीला हात लावू दिला नाहीस. पाणी उडून कमी झालं की वरून गोडं पाणी घालायचं, त्याची कळशी आणून ठेवायची, एवढाच माझा अधिकार. ओतायची तू. सात दिवस दवाखान्यात होतीस तेव्हासुद्धा फोन करून मिलिंदला सांगायचीस, मला नाही. तो राग मला अजून आहे. गेलीस म्हणून तो सोडून देईन असं समजू नकोस.

तू गेल्यावर तुझ्याबद्दल जे छापायचं ते जलदानाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापलं. जन्म, नोकरी, निवृत्ती. फोटो मिलिंदनं निवडला, त्यात तू कुणी तरी जबरदस्तीनं बसवल्यासारखी दिसतेस. पत्रिकेत नव्हतं ते हे, की कॉलेजानं नवी प्रयोगशाळा केली तेव्हा भंगारात निघालेली चार फुटी काचेची पेटी तू मागून घेतलीस आणि टेम्पोत घालून आणलीस. आळीतली माणसं जमली. त्यांना वाटलं टीव्ही आणला. तू निळ्या पिंपात पाणी भरून त्यात पुड्यातलं मीठ कालवत बसलीस, आणि एक काचेची नळी बुडवून खारटपणा मोजत होतीस. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "समुद्र कुठं, आपन कुठं? नदी हाय, ओढे हायेत, पावसात शेतात मासे चढतात. ते पाळ की."

"गोड्या पाण्यातले आनले तर तू कालवण करशील."

कालवण मी केलंच असतं. आजही करीन.

तो आपला वाद कधी संपलाच नाही. मी म्हणायचे, समुद्राचा जीव डोंगराच्या पायथ्याशी आणून ठेवायचा हा हट्ट आहे. तू म्हणायचीस, हट्टच आहे, मग? मी म्हणायचे, कोळंबी पेटीत पोहते आणि आमच्या ताटात बटाटा. तू म्हणायचीस, ती सफाईवाली कोळंबी हाय वैनी, ती नोकरी करते. खडकाला चिकटलेल्या त्या हलत्या फुलाला मी फूल म्हटलं की तू दर वेळी सांगायचीस, "फूल नाय, प्राणी हाय." दर वेळी. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझं तोंड बघायला मजा यायची म्हणून म्हणायचे.

जलदानाच्या कार्यक्रमाला दीडशे माणूस आलं. बाहेरगावचे पाव्हणे मुक्कामाला होते, म्हणून मिलिंदनं मंडपवाल्याकडून गाद्या आणल्या. रात्री जेवणं झाल्यावर तुमच्या लांबच्या नात्यातली एक बाई पेटीकडे बघून म्हणाली, "बिचारी रंजना. मागं काय ठेवलं? ही माशांची पेटी."

मी म्हटलं, "तुमच्या मागं काय र्‍हाईल ते बघायला मी आसन की नाय कुनास ठाऊक. चहा घ्या."

मिलिंदनं डोळे वटारले. वटारू दे. बिचारी म्हणे! जी बाई तीस वर्षं स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या घरात समुद्र ठेवून राहिली ती बिचारी? नवरा नाही, पोर नाही म्हणून? त्या बाईच्या चहात मी साखर घातली नाही. हे मी इथं लिहून ठेवते, कुणाला सांगू नकोस.

पाव्हणे गेले, गाद्या गेल्या, आणि गाद्यांतले ढेकूण आपल्याकडे राहिले. चार दिवसांत नातीच्या पाठीवर चट्टे उठले. मिलिंदनं मुरबाडहून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, शनिवार ठरवला, आणि मग जेवताना, वर न बघता म्हणाला, "आई, पेटी कल्याणच्या दुकानवाल्याला देऊन टाकतो. तो शुक्रवारी येईल."

"का?"

"धूर मारायचाय. आन् मागच्या वेळेला काय झालं ते तुला माहितीय."

"मागच्या वेळेला मी सत्तेचाळीसची होते. तेव्हा मला अक्कल कुठं होती?"

"आन् आता?"

"आता सदुसष्टची हाय. थोडी आली."

सून हसली. तो हसला नाही. "आई, रोजचं कोन बघनार ते? आत्या होती तवा होती. तुला झेपनार नाय."

रंजू, मला दोन गोष्टी एकदम लागल्या. एक, की तू गेल्यावर तुझा पसारा तीन आठवड्यांत आवरायला निघाले. दुसरी, की तो तुझ्याच सुरात बोलत होता. तुझीच बंदी तो पुढं चालवत होता. मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "दुकानवाल्याला सांग, रविवारी ये. शनिवारी धूर मार. त्यातून एक जरी मेला तर रविवारी पेटी घेऊन जाऊ दे, मी दाराशी पन यायची नाय. सगळे जगले तर पेटी हितंच र्‍हाईल."

"पैज लावते काय?"

"लावते."

बोलून बसले खरी. पेटीत आता चारच जीव. दोन नारिंगी-पांढरे मासे, त्यातली मादी तुझी चौदा वर्षांची म्हातारी. तिचं ते फूल. आणि कोळंबी. सगळ्यांत नाजूक कोळंबी, हे तूच बजावून सांगितलं होतंस. ढेकणाचं औषध किड्यांसाठी असतं आणि कोळंबी किड्यांची चुलतबहीण, पहिली तीच जाते. अबोला सुटल्यावर तू मला संध्याकाळभर जे ऐकवलंस, त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता. अंगणवाडीचं प्रशिक्षणही मला इतकं लक्षात नाही.

मुरबाडचा माणूस आला. तरणा, तोंडाला कपडा, पाठीला टाकी. पेटी बघून म्हणाला, "आजी, ही बाहेर काढा."

"हलत नाय. ते फूल खडकाला धरून बसलंय, ओढलं तर फाटतं."

"फूल?"

"प्राणी हाय," मी म्हटलं. माझ्याच तोंडून गेलं, रंजू.

"मग झाका नीट. मागनं मला बोलू नका."

मी सकाळपासून तेच करत होते. पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारं यंत्र बंद केलं, कारण तेही खोलीतली हवा ओढतं. पेटीच्या वर पातळ प्लॅस्टिकचे तीन पदर ताणले, कडेनं चिकटपट्टी, वर ताडपत्री. हो, तीच. आणि पंप उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. आसनगावहून आणलेली लांब नळी खिडकीच्या फटीतून आत घेतली, फट ओल्या फडक्यानं बंद केली. पंप आता हवा कुठून घेतो, वैनी? बाहेरून घेतो, रंजू. आंब्याखालची घेतो. आणि ती चांगली हवा आत येत राहिली की बारीक फटींमधून बाहेरच ढकलत राहते, म्हणजे धूर आत शिरत नाही. हेसुद्धा मला सुचलं. तू नव्हतं सांगितलं.

सून नातीला घेऊन माहेरी किन्हवलीला गेली. मिलिंद शनिवारचा अर्धा दिवस म्हणून कामावर. मुरबाडच्या माणसानं आत धूर सोडला, दार ओढून घेतलं, म्हणाला, "चार तास कुनी आत जायचं नाय. तुमी पन नाय, आजी." आणि मोटारसायकलवरून गेला.

मी ओट्यावर पंपाशेजारी खुर्ची टाकली. पंप गुरगुरत होता. पाऊण तास मजेत गेला. मग पंप थांबला.

मला वाटलं बिघडला. हलवला, ठोकला. मग शेजारच्या घरातला रेडिओही बंद झालेला ऐकला. लाइट गेली होती. अख्ख्या गावाची.

काय करू? आत जाता येत नाही. हवा थांबली की आतला जीव कोंडतो आणि खोलीतला धूर हळूहळू फटींतून घुसतो. वीस वर्षांपूर्वी मी पंप चालू ठेवून मारले, आता पंप बंद पडून मारणार होते. शेजारच्या दारात सायकल उभी होती. मी ओरडले, "सायकलचा पंप द्या!" शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडं सायकल कुठाय?" मी म्हटलं, "आधी द्या, मग विचारा."

नळी कापली, सायकलच्या पंपाच्या तोंडाला बसवली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. पंप पायात दाबला आणि दट्ट्या वर-खाली सुरू केला. हळू, एका लयीत. जोरात मारलं तर नळी निसटायची. बायका जमल्या. एकीनं विचारलं, "काकी, हवा कोनात भरताय?" मी म्हटलं, "भिंतीत."

किती वेळ मारला ठाऊक नाही. मोजून कंटाळले तेव्हा मी एका दट्ट्याला तुझी एक तक्रार म्हणायला लागले. रंजूनं माझी हिरवी साडी नेसून कल्याणला नेली आणि पदरावर मिठाचे डाग पाडून आणले. रंजू घोरते आणि कबूल करत नाही. रंजूनं माझ्या भाकरीला कधी चांगलं म्हटलं नाही, दुसऱ्यांच्या घरी जाऊन म्हटलं. तुझा दादा गेला तेव्हा रंजू रडली नाही, सरळ अंगणवाडीत येऊन माझ्या पोरांना खाऊ वाटून गेली. रंजूनं मला वीस वर्षं पेटीला हात लावू दिला नाही. रंजूनं दुखणं डॉक्टरला सांगितलं, मिलिंदला सांगितलं, मला नाही सांगितलं. मी विचारलं की म्हणायची, गॅस झालाय. गॅस! वैनीला सांगितलं तर वैनी काहीतरी चांगुलपणा करील म्हणून? करू दिला असतास की. चुकला असता, पण केला असता.

इथं माझा श्वास संपला. हात मात्र थांबवले नाहीत.

मिलिंद आला तेव्हा तीन वाजून गेले असतील. डबा हातात, फाटकात उभा. "आई, येडी झाली काय? घामानं निथळतेय."

"लाइट गेलीय," मी म्हटलं.

त्यानं खिडकीतून आत जाणाऱ्या नळीकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. डबा ओट्यावर ठेवला. "सरक," म्हणाला. आणि दट्ट्या हातात घेतला. मी खुर्चीत बसून त्याची पाठ बघत होते. त्याचा शर्ट भिजला तरी तो लय चुकू देत नव्हता. लाइट आली तेव्हासुद्धा तो दोन-चार दट्टे जास्तच मारून थांबला.

चार तास झाल्यावर खिडक्या उघडल्या, पंखे लावले. वास जाईपर्यंत मी कुणाला पेटीजवळ जाऊ दिलं नाही. दिवेलागणीला हात नुसत्या पाण्यानं तीनदा धुतले आणि ताडपत्री काढली. म्हातारी मादी कोपऱ्यात होती, पण कल्ले हलत होते. नर तिच्या मागे. फूल मुठीसारखं मिटलेलं, पण धरून होतं. कोळंबी कुठंच नव्हती.

पहाटे उठून बघितलं. तळाला, खडकाच्या पुढ्यात ती पडली होती. पांढरट, पाय आखडलेले, डोळेही जसेच्या तसे. हलत नव्हती. वीस वर्षांपूर्वीची बाई असती तर म्हणाली असती, झोपलीय. मी शहाणी झाले होते ना. मी मिलिंदला हाक मारली आणि म्हटलं, "गेली. दुकानवाल्याला येऊ दे."

हरले होते, रंजू. पैज मीच लावली होती. पण तुला सांगते, माफी तेव्हाही मागितली नाही. मी बाहेरची हवा आत नेली होती, हातानं नेली होती, चूक माझी नव्हती, आणि मी ते तुझ्या फोटोपुढं उभी राहून मोठ्यानं म्हटलं. मोठ्यानं म्हणताना आवाज फुटला ही गोष्ट वेगळी.

मिलिंद तोंडात ब्रश तसाच धरून आला. वाकला. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला.

"आई, ही कात हाय."

"काय?"

"कोळंबी कात टाकते. वरचं कवच सोडून आतून निघून जाते, नवं कडक होईपर्यंत लपून बसते. आत्यानं मला दाखवलं होतं, दहावीत होतो तवा. मी पन असाच रडलो होतो." त्यानं बोटानं काचेवर दाखवलं. खडकाच्या खालच्या भोकातून दोन लांब, लाल-पांढऱ्या मिशा बाहेर आल्या होत्या आणि हलत होत्या.

मी काचेला नाक लावून त्या मिशा दोनदा मोजल्या. मला वाटलं होतं, या पेटीशी त्याचं काही देणंघेणं नाही म्हणून तो ती काढायला निघालाय. वीस वर्षं मी पेटीपासून चार हात लांब उभी, आणि त्याच्याही आधीपासून तू माझ्या पोराला जवळ बसवून शिकवत होतीस, आणि मला पत्ता नाही! तीन आठवडे तो तिच्याकडे न बघता जेवत होता, ते मला निर्दयपणा वाटत होतं. आणि मी त्याची आई.

तो ब्रश धुऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही, पेटीकडेच बघत होता. म्हणाला,

"दुकानवाल्याला येऊ नको म्हनून सांगतो. पन सकाळचं खाणं मी घालनार. तू मधी यायचं नाय."